दप्तर कोणाच्या ताब्यात, आठवण कोणाची

कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयाच्या जुन्या दगडी इमारतीला तीन नावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली गेली तेव्हा इंग्लंडच्या युवराजाच्या नावावरून तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हटले गेले. पुढे छत्रपती घराण्यातील प्रमिलाराजे यांचे नाव तिला मिळाले आणि त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून आजचे ‘सीपीआर’ तयार झाले. जुन्या पेठांमधील वयस्कर माणसे मात्र अजूनही ‘थोरला दवाखाना’ असेच म्हणतात. पहिले नाव साम्राज्याने दिले आणि दुसरे राजघराण्याच्या सन्मानार्थ दिले गेले. तिसरे नाव देण्यासाठी कोणी ठराव केला नाही, कोनशिला बसवली नाही, तरीही चार पिढ्या ते लोकांच्या तोंडी टिकले.

इतिहासाची आठवण कशी घडते, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडते. आपण बोलताना ‘इतिहास’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक, प्रत्यक्ष घडून गेलेल्या घटना. दोन, त्या घटनांबद्दल कोणीतरी लिहून ठेवलेला मजकूर. तीन, त्या मजकुरापैकी समाजाच्या मनात उरलेला भाग, म्हणजे जो शाळेत शिकवला जातो, चौकात पुतळा होऊन उभा राहतो आणि जयंतीच्या भाषणात येतो. पहिल्या गोष्टीवर कोणाचाही ताबा चालत नाही, कारण घडले ते घडले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टींवर मात्र ताबा चालतो, आणि तो बहुधा त्यांचाच चालतो ज्यांच्याकडे लिहिणारे कारकून, कागद ठेवायला जागा, छापायला पैसा आणि शिकवायला शाळा असतात. सरकार, दरबार, विद्यापीठ, वर्तमानपत्र, देवस्थान, राजकीय पक्ष या सगळ्यांना या अर्थाने संस्था म्हणता येईल.

सत्ताधारी संस्था इतिहास खोटा लिहितात, असा एक सरसकट समज आहे. तसे कधी कधी होतेही. पण माझ्या मते खोटे लिहिणे हा त्यांच्या प्रभावाचा लहानसा भाग आहे. मोठा भाग अगदी साध्या कामांतून घडतो. कोणती गोष्ट नोंदवण्यासारखी आहे, तिला कोणता शब्द वापरायचा, कागद किती वर्षे ठेवायचा, तो कोणाला दाखवायचा, याचे निर्णय कचेरीत रोजच्या रोज होत असतात. ते घेणाऱ्याला आपण इतिहास घडवतो आहोत असे वाटतही नसते. शंभर वर्षांनी अभ्यासक येतो तेव्हा त्याच्या हाती त्या निर्णयांतून वाचलेले कागदच लागतात.

१८४४ साली कोल्हापूर संस्थानात जे घडले त्याला आपण आजही ‘गडकऱ्यांचे बंड’ म्हणतो. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांची राखण करणारी माणसे. या चाकरीच्या मोबदल्यात त्यांच्याकडे जमिनी होत्या. त्या काळी संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या पसंतीच्या कारभाऱ्याकडे, दाजी पंडित यांच्याकडे होता. नव्या व्यवस्थेत गडांची शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, आणि गडकऱ्यांच्या जमिनी यांच्यावरील त्यांचा पिढीजात हक्क संपुष्टात येऊ लागला आणि जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला. सामानगड आणि भुदरगड येथे गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले व लढा सुरू केला. साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना पकडले गेले आणि त्यांना पन्हाळ्यावर ठेवण्यात आले. इंग्रज फौजेने एकेक गड घेत डिसेंबरच्या आरंभी पन्हाळाही जिंकला आणि त्यानंतर किल्ल्यांची तटबंदी पाडण्याचे काम हाती घेतले. पन्हाळ्यावर फिरायला गेलेल्या माणसाला आज चार दरवाजाची जागा दाखवली जाते, पण तो दरवाजा दिसत नाही, याचे कारण हे आहे.

आता ‘बंड’ या शब्दाकडे पाहावे. ज्याच्या हाती कायदेशीर सत्ता आहे असे गृहीत धरले जाते, त्याच्याविरुद्ध उठणाऱ्याच्या कृतीला बंड म्हणतात. गडकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर परंपरेने चालत आलेला करार कारभाऱ्याने मोडला होता आणि ते आपला हक्क राखत होते. पण गडकऱ्यांनी आपल्या बाजूचा ग्रंथ लिहिला नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतील कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या कित्येक अभ्यासकांनी, मराठीत लिहिणाऱ्यांनीही, घटनाक्रम आणि शब्द तेथूनच उचलले. गॅझेटियर हा सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना मुलूख नीट कळावा म्हणून तयार केलेला माहितीग्रंथ असतो. त्यातील माहिती बरीचशी काळजीपूर्वक गोळा केलेली असते आणि आजही ती उपयोगी पडते. मात्र त्यात प्रश्न राज्यकर्त्याचे असतात: महसूल किती, पिके कोणती, कोणती जात काय करते, कोणत्या साली कोणी उठाव केला व तो कसा मोडला. गडावरच्या घरात त्या वर्षी काय शिजत होते, मुले कोठे हलवली, तट पडल्यावर त्या कुटुंबांनी पुढे पोट कसे भरले, हे प्रश्न तेथे कोणी विचारलेच नाहीत, आणि म्हणून त्यांची उत्तरेही तेथे सापडत नाहीत.

१८५७ बद्दलही असेच झाले. त्या वर्षी ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरातील सत्ताविसाव्या पलटणीच्या शिपायांनी उठाव केला आणि डिसेंबरमध्ये शहरात पुन्हा उठाव झाला. हे मोडून काढण्यासाठी आलेले ले ग्रँड जेकब यांनी निवृत्तीनंतर, १८७१ साली, त्या काळाविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय ठेवून त्यांना कराचीला नेण्यात आले आणि तेथेच १८६९ साली त्यांचा मृत्यू झाला. ज्याने उठाव मोडला त्याचे पुस्तक ग्रंथालयात गेले आणि ज्याला देशोधडीला लावले त्याचे नाव पुढे शहरातील एका चौकाला मिळाले. रोज चिमासाहेब चौकातून जाणाऱ्या किती जणांना कराचीची गोष्ट ठाऊक आहे, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. चौकाला नाव देणे ही मोठी गोष्ट आहे, पण पाटीवर नावापुढे गोष्ट लिहायला जागा नसते.

या सगळ्याच्या मागे आणखी जुना एक प्रकार आहे. मराठ्यांचा पहिला सविस्तर इंग्रजी इतिहास १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे जेम्स ग्रँट डफ हे पेशवाई बुडाल्यानंतर साताऱ्यास कंपनी सरकारचे प्रतिनिधी होते. त्यांनी कष्टाने कागद मिळवले, बखरी वाचून घेतल्या, माणसांना विचारले. त्यांची मेहनत नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांची बैठक साताऱ्यात होती आणि मोठे दप्तर पुण्यात होते, त्यामुळे त्यांना मराठेशाही सातारा आणि पुणे यांच्या खिडकीतून दिसली. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाच्या फौजेशी झुंज चालू ठेवणाऱ्या ताराराणी, त्यांनी उभी केलेली कोल्हापूरची वेगळी गादी, सातारा आणि कोल्हापूर यांच्यातील १७३१ चा वारणेचा तह हे सगळे त्या खिडकीतून पाहिले की मुख्य कथेतला अडथळा असल्यासारखे दिसते. कोल्हापूर हा ‘दुसरा’ भाग ठरतो, कारण पहिला भाग कोणता हे आधीच ठरलेले असते. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने ग्रँट डफ यांच्या ग्रंथावर मराठीत टीका लिहिली. आपला इतिहास आपल्या साधनांवरून तपासावा, ही जाणीव महाराष्ट्रात रुजण्यात त्या टीकेचा मोठा वाटा आहे.

पण साधने तपासायची तर ती हाती लागली पाहिजेत. १८१८ साली पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यात जमाखर्च, पत्रे, सनदा, निवाडे असे अक्षरशः गाड्या भरतील इतके मोडी लिपीतले कागद होते. सरकारने ते जपले, कारण इनामांचे दावे खरे की खोटे हे ठरवण्यासाठी त्याला ते लागत होते. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने त्यांचाच आधार घेतला. इतिहास अभ्यासकांना मात्र तेथे सहज प्रवेश नव्हता. सरकारला भीती होती की जुने कागद बाहेर आले तर जमिनींचे नवे दावे उभे राहतील आणि राजकीय भावनाही चेतवल्या जातील. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी याच परिस्थितीत गावोगाव पायपीट करून खासगी घरांतील कागद गोळा केले आणि १८९८ पासून इतिहासाच्या साधनांचे खंड छापायला सुरुवात केली. पेशवे दप्तरातील निवडक कागद छापले जाण्यासाठी १९३० साल उजाडावे लागले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्याचे पंचेचाळीस खंड पुढील चार वर्षांत निघाले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे कागद सुरक्षित होते आणि तरीही समाजाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच होते.

कुलपाची ही ताकद केवळ जुन्या काळातली नाही. केनियात १९५० च्या दशकात इंग्रज राजवटीने तिच्याविरुद्ध उठलेल्या माऊ माऊ चळवळीच्या संशयितांना छावण्यांत डांबले व त्यांचा छळ केला. पुढे त्या वृद्ध माणसांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला तेव्हा, २०११ साली, ब्रिटिश सरकारला कबूल करावे लागले की वसाहती सोडताना गुपचूप आणलेल्या हजारो फाइली इंग्लंडमधील हॅन्सलोप पार्क या सरकारी ठिकाणी ठेवलेल्या आहेत. त्यानंतर २०१३ मध्ये ५,२२८ केनियन नागरिकांना मिळून सुमारे दोन कोटी पौंडांची भरपाई देण्याचे मान्य झाले. छळ झालेली माणसे पन्नास वर्षे सांगत होती आणि त्यांचे बोलणे ‘ऐकीव’ ठरत होते. फाइल सापडली तेव्हा तेच बोलणे पुरावा झाले. माणसाची आठवण आणि सरकारी कागद यांना आपण जे वेगवेगळे वजन देतो, त्यातच सत्तेचा मोठा हात असतो.

कुलूप लिपीचेही असते, आणि ते महाराष्ट्राच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. कोल्हापूर संस्थानाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कारभार मोडीत चालला. छापखान्याने आणि शाळाखात्याने बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपी पुढे आणली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शिकवणे बंद पडले आणि सामान्य मराठी माणूस स्वतःच्या पणजोबाचे पत्र वाचण्यास असमर्थ झाला. हे कोणी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही. एकच लिपी असणे शिक्षणाच्या प्रसारासाठी सोयीचे होते. परिणाम मात्र असा झाला की पुराभिलेखागारातील लाखो कागद कोणीही न लपवता लपले. आज तो मजकूर वाचायला मोडी जाणणारा मनुष्य लागतो आणि असे मनुष्य थोडे आहेत.

आता एक प्रकरण थोडे सविस्तर पाहू, कारण त्यात संस्थांचे सगळे थर एकमेकांवर बसलेले दिसतात. १८७० साली कोल्हापूरचे विशीतले छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांचा मृत्यू झाला. या प्रवासात त्यांनी लिहिलेली रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. ती संपादित केली कॅप्टन वेस्ट यांनी, म्हणजे महाराजांबरोबर असलेल्या इंग्रज राजकीय अधिकाऱ्यानेच. त्या काळातील एका तरुण हिंदी राजाच्या स्वतःच्या लेखणीतून युरोपचे वर्णन वाचायला मिळणे हा दुर्मीळ ठेवा आहे. तरीही वाचताना लक्षात ठेवावे लागते की छापण्याआधी ते शब्द एका अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेले. एखादे वाक्य गाळले गेले असेल तर ते आपल्याला दिसणार नाही. फ्लॉरेन्समध्ये जेथे त्यांचा अंत्यविधी झाला तेथे स्मारक उभे आहे आणि जवळच्या पुलाला ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाचे नाव आहे. तेथील लोकांनी आठवण जपली, फक्त त्या आठवणीत राजाचे नाव उरले नाही.

त्यांच्यानंतर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज वयाने लहान होते. त्यांना वेड लागले आहे, असे सरकारी अहवालांत म्हटले गेले. त्यांचा छळ होतो आहे, अशी चर्चा पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी उचलून धरली आणि कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारी काही पत्रे छापली. ती पत्रे बनावट निघाली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असलेल्या या तरुण राजाचा, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, मृत्यू झाला.

आज महाराष्ट्रात हे ‘कोल्हापूर प्रकरण’ कशासाठी आठवले जाते? टिळक आणि आगरकर यांच्या पहिल्या तुरुंगवासासाठी. त्यांच्या त्यागाविषयी मला आदर आहे आणि त्यांनी एका असहाय मुलाची बाजू घेतली ही गोष्ट छोटी नाही. पण पाहा, या दोघांच्या मागे वर्तमानपत्रे होती, शाळा होती, १८८४ साली स्थापन झालेली शिक्षणसंस्था होती, चरित्रकार होते. त्या संस्थांनी आपल्या संस्थापकांची आठवण जपली, ते स्वाभाविकच होते. ज्याच्यासाठी हे सगळे घडले तो विशीतला राजा मात्र दुसऱ्यांच्या चरित्रातील एक परिच्छेद बनून राहिला. सरकारी अहवाल त्याला वेडा म्हणतो आणि पुण्याची कथा त्याला निमित्त म्हणून वापरते. तो स्वतः काय म्हणत होता, हे ऐकण्यासाठी आपल्याला दोन्ही बाजूंचे कागद एकमेकांना लावून, त्यांच्यामधील फटींतून वाचावे लागते.

वर्तमानपत्र ही किती बलवान संस्था आहे, हे शाहू महाराजांच्या काळात पुन्हा दिसले. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित आपल्यासाठी क्षत्रियांच्या हक्काचे वेदोक्त नव्हे तर शूद्रांसाठी मानले गेलेले पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे महाराजांच्या ध्यानात आले आणि त्यातून वेदोक्त प्रकरण उभे राहिले. १९०१ साली ‘केसरी’ने वेदोक्त मंत्रांच्या या मागणीला ‘वेदोक्ताचे खूळ’ म्हटले. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वाचकवर्गात त्या काळी जे मत बनले त्यावर या एका शब्दाची छाया पडली असणार, असे मला वाटते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला. आजच्या भारतात ज्या धोरणावर रोज चर्चा होते, त्याचा हा आरंभीचा दाखला. एवढी मोठी घटना असूनही कित्येक वर्षे ती महाराष्ट्राच्या सर्वसाधारण इतिहासलेखनात कडेला राहिली.

ती आठवण जिवंत कोणी ठेवली? माझे उत्तर असे की वसतिगृहांनी. शाहू महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढली किंवा त्यांना जागा आणि मदत दिली. दसरा चौकाच्या आसपास फिरले तर त्यांतील काही अजूनही दिसतात. खेड्यातून आलेला मुलगा तेथे राहून शिकला, वकील किंवा शिक्षक झाला आणि आयुष्यभर सांगत राहिला की मी महाराजांमुळे शिकलो. अशी हजारो माणसे म्हणजे एक चालतेबोलते दप्तरच होते. विद्यापीठीय ग्रंथ नंतर आले. माणसाला ज्या संस्थेने उभे केले तिची आठवण तो स्वतःहून वाहतो, आणि ही आठवण सरकारी फतव्याने येणाऱ्या आठवणीपेक्षा अधिक चिवट असते.

दगडाची भाषा यापेक्षा अधिक थेट असते, कारण पुतळा वाचायला साक्षर असावे लागत नाही. आजच्या शिवाजी चौकात एके काळी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीच्या काळात कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांनी, त्यांत महिलाही होत्या, त्या पुतळ्यावर हल्ला चढवला व शेवटी तो तेथून गेला. १९४५ साली, म्हणजे इंग्रज अजून गेलेले नव्हते तेव्हाच, चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांच्या पुढाकाराने त्या जागी शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. एका राजवटीचा दगड काढून त्याच जागी लोकांनी आपली आठवण बसवली. ज्या हातांनी विल्सनचा पुतळा फोडला त्यांची नावे मात्र आज जुन्या कार्यकर्त्यांच्या घरांबाहेर फारशी कोणी घेत नाही.

बिंदू चौकातील गोष्ट मला याहून जवळची वाटते. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी तेथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे करण्यात आले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. सत्तेने एखाद्या नेत्याला मान्यता दिली की मग त्याचे पुतळे उभे राहतात, हा नेहमीचा क्रम. कोल्हापूरने तो उलटा केला. राज्यभर फुले आणि आंबेडकर यांची छायाचित्रे सरकारी कार्यालयांत लागण्याच्या कितीतरी आधी या शहरातील सामान्य माणसाने बाजारात जाता जाता त्यांच्याकडे पाहिले.

पाठ्यपुस्तकाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना दिसतेच. महाराष्ट्रात १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, सुरू झाल्यावर राज्यातील बहुसंख्य मुलांनी एकच इतिहास वाचला. चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा इतिहास शिकलेल्या पिढ्यांना आजही तीच चित्रे आठवतात. एवढेच ध्यानात ठेवावे की पाठाला पानांची मर्यादा असते. एक प्रसंग आत येतो तेव्हा दुसरा बाहेर जातो, आणि काय बाहेर गेले हे मुलाला कधीच कळत नाही.

येथपर्यंत वाचून संस्था म्हणजे आठवणीच्या शत्रू, असे कोणाला वाटले तर तो माझ्या लिहिण्याचा दोष ठरेल. ताराराणींचेच पाहा. ज्या खिडकीतून त्या अडथळा दिसत होत्या, ती खिडकी बदलली ती एका संस्थेने. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांच्या संपादनाखाली ताराबाईकालीन कागदपत्रे छापून प्रसिद्ध झाली आणि शाहू महाराजांच्या काळातील कागदपत्रांचेही खंड निघाले. कागद तेच होते, कित्येक वर्षे रुमालांत बांधलेले. विद्यापीठाने त्यांना संपादक, वाचक आणि छापखाना दिला. आज कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्या मागे अशा अभ्यासकांनी मोडी कागदांवर वाया घालवलेली नव्हे, तर कारणी लावलेली दृष्टी आहे.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ज्या दरबाराविषयी कोल्हापूरकरांच्या मनात प्रेम आहे, तोही एक सत्ताकेंद्रच होता. शाहू महाराजांचे हुकूम आपल्याला माहीत आहेत, कारण दरबाराने ते करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापले. त्यांचे पहिले विस्तृत चरित्र १९२४ साली आण्णासाहेब लठ्ठे यांनी लिहिले आणि पुढे तेच लठ्ठे संस्थानाचे दिवाण झाले. यामुळे हुकूम किंवा चरित्र खोटे ठरत नाही. पण हुकूम निघणे आणि तो खेड्यात पोहोचणे यांतील अंतर हुकमाच्या कागदावर दिसत नाही. सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय झाल्यावर एखाद्या धनगरवाड्यावरच्या मुलीला शाळेत पाठवले गेले का, राधानगरीच्या धरणासाठी ज्यांनी दगड वाहिले ती माणसे कोणत्या गावची होती, या प्रश्नांचा शोध घेतल्याने महाराजांचे मोठेपण कमी होत नाही. त्यांना स्वतःला ज्या माणसांची काळजी होती, त्यांच्याच दिशेने आपण जात असतो.

म्हणून जुना मजकूर, स्मारक किंवा पाठ समोर आला की मी काही साधे प्रश्न विचारतो. हे कोणी लिहिले आणि त्याला त्याचे वेतन कोण देत होते? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले? ज्याच्याबद्दल लिहिले त्याला वाचता येत होते का? ‘बंड’, ‘खूळ’, ‘वेड’, ‘दंगा’ असा एखादा शब्द काढून त्या जागी दुसऱ्या बाजूचा शब्द ठेवला तर वाक्य कसे दिसते? आणि ज्यांचे एकही वाक्य यात नाही, ते कोण? या प्रश्नांसाठी पदवी लागत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत उभे राहूनही ते विचारता येतात.

सत्तेच्या कागदाचा एक गुण मात्र सत्तेलाही पुरता आवरता येत नाही. कारभार चालवायचा तर हिशेब ठेवावा लागतो आणि हिशेबात लहान माणसांची नावे येतातच. आमच्या घरी माळ्यावर एक लाल रुमाल होता. एका मोठ्या वाड्याच्या कारभारात पूर्वज कारकून होते, त्यांच्याकडील उरलेले कागद त्यात बांधलेले होते. अर्धेअधिक वाळवीने खाल्ले होते आणि बाकीचे रद्दीत जाण्याच्या बेतात होते. मोडी जाणणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यांतील एक फर्द, म्हणजे हिशेबाचा कागद, वाचून दाखवली तेव्हा आम्हांला वाटले होते की वाड्याच्या मालकांविषयी काही मोठे कळेल. ती निघाली छताच्या दुरुस्तीची मजुरी. मालकाचे नाव त्यात कोठेही नव्हते, कारण ते लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. खाली ओळीने सुतारांची, पाथरवटांची आणि माती वाहणाऱ्या चार बायकांची नावे होती, आणि प्रत्येक नावापुढे त्या दिवशी मिळालेले आणे.